अडलेला शब्द

राजे घोड्यावरून फिरत आणि बातमी पायी चालत येई, अशा फार मागच्या काळी एका राजधानीत गुणाजी नावाचा नकलाकार होता. लहानांनो, आणि त्यांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, हा गुणाजी असा, की परराज्याचा वकील दरबारात येऊन गेला की घटकाभरात गुणाजी तो वकीलच होऊन बसे. तीच मान, तेच खाकरणे, मिशीला तसाच पीळ. म्हातारा राजा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसे.

पुढे म्हातारा राजा वारला. नव्या राजाला हसणे आवडत नव्हते. त्याने गुणाजीला एक शेला दिला आणि सांगितले, "आता विश्रांती घ्या."

राजधानीत राहायचे आणि दरबारात जायचे नाही, हे गुणाजीला सोसेना. त्याने आणि त्याची बायको येसू हिने सामान गाडीत भरले आणि डोंगराच्या पायथ्याशी एका लहानशा कसब्यात घर घेतले.

कसबा म्हणजे केवढा? एक पेठ, एक विहीर आणि पिंपळाचा पार. पेठेच्या या टोकाला कोणी शिंकले, तर त्या टोकाचा विचारी, "पडसं झालं का?"

गाडी थांबताच बैल सोडायला माणसे धावली. समोरच्या भिवराआजीने पाणी आणले आणि ते पिऊन होण्याआधीच विचारले, "पोरंबाळं किती? आईबाप आहेत का? एवढी राजधानी सोडून इकडं का आलात?" येसूने सगळी उत्तरे दिली. गुणाजीच्या कपाळाला आठी पडली.

मागच्या गल्लीत केरोबा तेल्याचा घाणा होता. केरोबा बोलताना अडखळे. संध्याकाळी तो तेलाचे मडके घेऊन दारात आला. "न-नव्या घरात प-पहिला दिवा आमच्या ते-तेलाचा," तो म्हणाला. एवढे वाक्य पुरे व्हायला बराच वेळ लागला. पण कसब्यात त्याची कोणाला घाई नसे. केरोबा बोलू लागला की माणसे थांबत, त्याचे संपले की आपले सुरू करत.

थोड्याच दिवसांत येसू कसब्याची झाली. गुणाजी मात्र झाला नाही. एकदा त्याने पारावर दरबारातल्या नकला करून दाखवल्या. लोकांनी मन लावून पाहिल्या, पण हसले कोणी नाही. त्यांनी तो वकील कधी पाहिलाच नव्हता, मग नक्कल कळावी कशी? "छान करता हो," एवढेच ते म्हणाले. गुणाजीला ते फार लागले. हसू कानावर पडल्यावाचून त्याला जेवण गोड लागेना.

अशातच त्याचे राजधानीतले जुने मित्र तीर्थाला जाताना त्याच्याकडे उतरले. एकटीला एवढा स्वयंपाक कसा झेपेल, म्हणून भिवराआजी येसूला आपल्या चुलीशी घेऊन गेली. शेजारणींनी भाकऱ्या थापल्या, वांगी भाजली.

इकडे ओसरीवर मित्र म्हणाले, "काय रे गुणाजी, या कोपऱ्यात तुला करमतं तरी कसं?"

"करमतंय कुठलं? हे ऐका!" गुणाजी उठला. कमरेवर हात ठेवून, हनुवटी पुढे काढून तो भिवराआजी झाला. "अगं बाई, कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून रुसली, मला नको का कळायला?"

मित्र हसले. किती दिवसांनी गुणाजीने ते हसू ऐकले! त्याच्या अंगात वारे शिरले. मग तो केरोबा झाला. खांद्यावर मडके, मान एका बाजूला, ओठ थरथरताहेत. "ते-ते-ते... ते-ते..." मित्र हसून एकमेकांच्या अंगावर पडू लागले.

तेवढ्यात अंगणात माणसे आली होती. पाहुण्यांचे हसू ऐकून आधी त्यांनाही हसू आले. मग पाहुणे कशाला हसताहेत, ते त्यांना कळले. पुढे भिवराआजी होती, तिच्या मागे भाकऱ्यांची टोपली घेतलेला केरोबा, आणि शेवटी पत्रावळी घेऊन येसू.

एका मित्राचे तिकडे लक्ष गेले. त्याने शेजारच्याला कोपराने ढोसले. गुणाजीची मान अजून वाकडीच होती.

केरोबा पायऱ्या चढला. त्याने टोपली खाली ठेवली. "जे-जेवून घ्या," तो म्हणाला. "भा-भाकरी गा-गार होईल."

नक्कल इतकी हुबेहूब होती, की पाहुण्यांपैकी एकाला राहवले नाही. तो फस्सकन हसला.

केरोबा वळला आणि अंगणातून निघून गेला. भिवराआजीने मात्र पाहुण्यांना पोटभर वाढले. 

सकाळी निघताना मित्र म्हणाले, "मजा आली बुवा. तो तेली म्हणजे नमुनाच!" गुणाजीने मान वर केली नाही.

राजधानीत कोणाशी बिनसले, तर माणूस दुसऱ्या रस्त्याने जातो. कसब्यात दुसरा रस्ताच नव्हता. विहिरीवर तीच माणसे, देवळात तीच. आणि कोणी भांडले नाही, हे तर सर्वांत अवघड होते. दळण मिळे, दूध मिळे. पण गुणाजी पाराजवळ आला की बोलणे थांबे. माणसे आपापल्या हातांकडे पाहत बसत. आपला कोणता शब्द, कोणती लकब हा उचलून नेईल, या धास्तीने जो तो तोंड मिटून घेई. भिवराआजी येसूला विहिरीवर भेटे. ओसरीवर मात्र ती फिरकली नाही.

"गंमत होती ती," गुणाजी येसूला म्हणाला.

"गंमत होती, तर त्यांच्यासमोर का नाही केलीत?"

"मग आपण दुसऱ्या गावी जाऊ."

"तिथंही माणसंच असतील," येसू म्हणाली आणि चुलीकडे वळली.

क्षमा मागायला हवी, हे गुणाजीला कळत होते. तो घाण्याच्या वाटेला लागे, अर्ध्यातून लाजेने मागे फिरे.

एके दिवशी सकाळी केरोबाच त्याच्या दारात येऊन उभा राहिला. त्याने तोंड उघडले. ओठ हलले, पण आवाज आला नाही. गुणाजीला वाटले, हा आता जाब विचारणार. त्याने नजर चुकवली, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि उगाचच ओसरी झाडू लागला. मान वर केली, तेव्हा दारात कोणी नव्हते.

त्याच दुपारी घराची मागची भिंत कोसळली. तिच्या सावलीत येसू शेवया वळत बसली होती.

सगळा कसबा धावून आला. माती, दगड हातोहात बाजूला झाले. सर्वांत पुढे केरोबा होता. त्याच्या नखांतून रक्त येत होते. येसू वाचली, पण तिचा पाय गुडघ्याखाली मोडला होता. वैदूने हाड बसवले आणि सांगितले, "चालतील, पण पूर्वीसारख्या नाही."

दुसऱ्या दिवशी गुणाजी केरोबाचे आभार मानायला घाण्यावर गेला. केरोबा बैल सोडून नुसताच बसला होता. गुणाजीला पाहताच तो उठला आणि त्याने हात जोडले.

"मा-माझी चूक झाली," तो म्हणाला.

गुणाजीला काही कळेना.

केरोबा सांगू लागला. एकेक शब्द काट्यातून कापड सोडवावे तसा तो बाहेर काढत होता. आदल्या सकाळी मागच्या गल्लीतून बैल आणताना त्याला ती भिंत बाहेर फुगलेली दिसली होती. तेच सांगायला तो आला होता.

"दा-दारात तुम्ही दिसलात. आणि श-शब्द नि-निघालाच नाही. म्हटलं, भि-भिवराआजीला सांगावं, ती सां-सांगेल तुम्हाला. ती दे-देवळात गेली होती. ती ये-येईपर्यंत..." त्याचे डोळे भरले. "व-वहिनींचा पाय मा-माझ्यामुळं गेला."

गुणाजीने आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे उचलले होते. आता आपला चेहरा कुठे लपवावा, हे त्याला समजेना. तो तिथेच जमिनीवर बसला.

"चूक तुमची नाही, केरोबा," तो म्हणाला. "तुमचा शब्द मीच अडवला. आणि तुम्ही दारात आलात, तेव्हा तोंडही मीच फिरवलं."

केरोबाने डोळे पुसले. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला.

तिथून गुणाजी सरळ पारावर गेला. सगळे बसले होते. तो उन्हात उभा राहिला आणि म्हणाला, "तुमची भाकरी मी पाहुण्यांना खाऊ घातली आणि तुमच्यावरच त्यांना हसवलं. त्यापायी भिंतीचं सांगायला आलेल्या केरोबाचा शब्द अडला आणि येसूचा पाय गेला. क्षमा मागायलाही मला तोंड राहिलेलं नाही."

क्षमा केली, असे कोणी म्हटले नाही. भिवराआजी मात्र थोडी सरकली आणि तिने पारावर जागा केली. "बस खाली. उन्हात किती वेळ उभा राहशील?"

भिंत लोकांनीच पुन्हा उभी केली. गुणाजीने माती कालवली. पुढे ते मित्र परत आले आणि म्हणाले, "तो तेली दाखव ना!" गुणाजी म्हणाला, "या घरात आता नक्कल होत नाही. जेवा आणि निवांत निजा." मित्र जेवले, निजले, पुन्हा आले नाहीत.

गुणाजी शेवटपर्यंत त्याच कसब्यात राहिला. हळूहळू लोक त्याच्याशी बोलू लागले. भिवराआजीही ओसरीवर येऊन बसू लागली. पण केरोबा त्याच्यासमोर पुन्हा कधी बोलला नाही. दिसला की हसे, मानेनेच हो-नाही करी. पारावर केरोबा काही सांगत असला, तर गुणाजी दूर, पेठेच्या वळणावरच थांबे. केरोबाचे सांगून होई, माणसे हसत, आणि मग गुणाजी खाली मान घालून पुढे येई.

म्हणून, ज्यांच्यात आपण घर केले त्यांच्यावर परक्यांना कधी हसवू नये. ते हसू घटकाभरात विरते, पण दुखावलेला शब्द पुन्हा आपल्यापाशी येत नाही.