काचेला आलेला घाम

माळावरच्या एका गावात गिरमाजी नावाचा सुतार राहत होता. हातात कसब होतं, आणि ते आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या गावच्या इनामदारांची सून सगुणा कोकणातली. तिने माहेरच्या विहिरीच्या भिंतीतून एक नेचा आणला होता. नेच्याला ना फूल, ना फळ; ओल्या सावलीत पिसांसारखी पानं पसरून बसायचं, एवढंच त्याचं काम. पुढे ती विहीर बुजवली. आता हा एकच नेचा उरला होता, आणि माळावरच्या कोरड्या वाऱ्याने तोही करपत चालला होता.

"काचेची पेटी करतो," गिरमाजी म्हणाला. "सगळीकडून बंद. सकाळी काचेला घाम येईल, तोच ओघळून मुळांशी जाईल. वरून पाणी घालायला नको."

सागाची चौकट केली, काचा बसवल्या, सांधे लांबीच्या लगद्याने लिंपले. नेचा आत ठेवून झाकण लावलं. काच अशी लख्ख, की येणारा पाहुणा विचारी, "मध्ये काच आहे का हो?" इनामदारांनी खूश होऊन गिरमाजीला पागोटं बांधलं.

आठवडाभर तो पागोटं मिरवत हिंडला. एकदा जेवताना बायको ठकूबाई म्हणाली, "अहो, पण काचेला घाम आला का?"

"सगळा गाव वाहवा करतोय!"

"मी वाहवेचं नाही विचारलं."

गिरमाजीने हातातला घास ताटात ठेवला. उठला, तो थेट इनामदारांकडे गेला. काच लख्खच होती. नेच्याची पानं मात्र कडांनी तपकिरी पडली होती. सासू सुनेला सुनावत होती, "एवढी पेटी करून दिली, तरी हिला एक झाड जगवता येईना!" सगुणा मान खाली घालून उभी होती.

गिरमाजीने पेटती वात सांध्यांजवळून फिरवली. मागच्या कोपऱ्यात ज्योत थरथरली. काच धरणाऱ्या लाकडी पट्टीखाली दोऱ्याएवढी फट होती. ती बाजू भिंतीकडे जाणार, कोण बघतंय, म्हणून तिथे त्याने घाईघाईने हात फिरवला होता.

गप्प बसता आलं असतं. बोलणी सुनेने खाल्लीच होती, आणि सुनेने बोलणी खाल्ली की सगळ्यांचं भागतं, हे घरोघरी ठाऊक असतं!

गिरमाजीने पागोटं उतरवून इनामदारांपुढे ठेवलं. "सरकार, यात बाईसाहेबांची चूक नाही. माझी पेटीच गळकी आहे."

"अरे, एवढी लखलखतेय ती!"

"लखलखतेय, हीच चूक."

त्याने पट्टी काढली, फट बुजवली, आणि तिच्यातून सगळी ओल उडून गेली होती म्हणून आत तांब्याभर पाणी घालून झाकण पुन्हा लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काच धुरकट झाली. इनामदार आठ्या घालून म्हणाले, "आता तर काहीच दिसेना!" सगुणाने काचेवर तळहात टेकला. "आमच्या विहिरीत सकाळी अस्संच असायचं," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

पंधरा दिवसांनी करपलेल्या पानांमधून एक हिरवा कोंब वर आला, गोगलगायीच्या शंखासारखा गुंडाळलेला. सासूबाईच शेजारणींना बोलावून तो दाखवू लागल्या. गिरमाजीच्या छातीवरचा धोंडा उतरला. इनामदारांनी पागोटं परत त्याच्या डोक्यावर ठेवलं.

घरी ठकूबाईने विचारलं, "आला का घाम?"

"आला. आधी मला, मग काचेला."

तात्पर्य: आपल्या चुकीची बोलणी दुसरं कुणी खात असेल, तर डोक्यावरची शाबासकी आधी खाली ठेवावी आणि चूक दुरुस्त करावी.