हलकी झालेली गाडी

रस्त्यांवर बिनआवाजाच्या गाड्या नव्याने आल्या, तेव्हाची गोष्ट. एका विजेच्या गाडीला शर्यतीचं वेड लागलं. वजन कमी करायला तिने मागची सीट काढवली, स्टेपनी काढवली. मग एसीला म्हणाली, "मला शर्यत जिंकायचीय, हवा खायला जायचं नाहीये. तू निघ."

"तुझी बॅटरीही मीच थंड ठेवतो," एसी म्हणाला.

"भंगारात जाताना सगळे असंच बोलतात."

नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची तेवढी ठेवली.

शर्यतीत दुसऱ्याच फेरीला बॅटरी तापली आणि गाडी सगळ्यांसमोर बंद पडली. तिला ओढून न्यायला भंगारवाल्याचा टेम्पो आला. एसीही त्यानेच नेला होता. दोर बांधून चढ चढताना टेम्पो म्हणाला, "हलकी मात्र झालीस, बाई. ओढताना कळतसुद्धा नाही."