मुकी दवंडी

एका राज्यात नद्या राजवाड्याला विचारून वळण घेत आणि डोंगर सकाळी उठले की आधी आळस देत. तिथली राणी हेमलेखा. वयानं तरुण, जिभेनं तिखट, मनानं चांगली. आणि त्या राज्यात एक रीत होती, ती दुसरीकडे कुठं पाहायला मिळायची नाही. राजवाड्यातून दवंडी निघाली की आळीआळीनं घागरीवर ठोका देऊन उलट दवंडी धाडायची. म्हणजे काय, तर आळीच्या मनात जी शंका असेल ती दवंडीवाल्यानं राणीपर्यंत न्यायची, आणि तिचं उत्तर दिल्याशिवाय राणीनं ताटावर बसायचं नाही. "पूल कधी बांधणार?" "म्हशीवर कर कशाला?" असले प्रश्न यायचे. राणी वैतागायची, पुटपुटायची, पण उत्तर द्यायची.

अशात उत्तरेच्या खिंडीतून झोपेची साथ आली. माणूस जेवता जेवता पेंगायचा, त्याची नखं निळी पडू लागायची, आणि पुरती निळी झाली की तो पुन्हा उठायचाच नाही. एकाच्या श्वासातून दुसऱ्याला लागण. सीमेवरून ही बातमी आली आणि राणीच्या तोंडचं पाणी पळालं. जत्रा दोन दिवसांवर आलेली. लोक घाबरून धावले तर चेंगराचेंगरीतच मरतील, असं तिला वाटलं. तिनं दवंडी पिटवली, "साथबीथ काही नाही, खुशाल जत्रेला या!" वाईट मनानं नव्हे हो. पण बोलली ते खोटंच.

जत्रा झाली आणि गल्ल्याच्या गल्ल्या पेंगू लागल्या. आता सांगायचं काय? राणीच्या पदरी कालकेतू नावाचा मांत्रिक होता. तो म्हणाला, "महाराणी, दोष कुठंतरी टेकवावा लागतो." पहिला झोपलेला माणूस साळी आळीतला होता, म्हणून दुसरी दवंडी निघाली की साथ साळ्यांच्या घाणीतून आली. आणि याच साळी आळीत राणीची सख्खी धाकटी बहीण इंदुमुखी नांदत होती, बरं का! एका विणकरावर जीव जडला म्हणून राजवाडा सोडून गेलेली, मांडीवर तान्हं मूल असलेली. राणीला हे ठाऊक नव्हतं का? होतं. तरीही दवंडी निघाली. भ्यालेल्या माणसाला आपलंपरकं सुचत नाही, दुसरं काय म्हणणार!

मग उलट दवंड्यांचा नुसता पाऊस पडला. प्रश्नावर प्रश्न. राणीचं ताट गार होऊन परत जाऊ लागलं. कालकेतू म्हणाला, "शंकांनी भीती वाढते. त्या माझ्या हवाली करा." त्यानं सगळ्या शंका एका तांब्याच्या हंड्यात कोंडल्या, तोंडाला लाख लावली आणि हंडा तळघरात ठेवला. आत त्या पोळं डिवचल्यासारख्या घोंघावत राहिल्या, आणि मागून उठणारी प्रत्येक नवी शंकाही मंत्रानं त्यातच ओढली जायची. नंतर त्यानं घराघराच्या उंबऱ्यावर मंतरलेल्या राखेची रेघ ओढली. जो ती ओलांडेल, त्याचे पाय गुडघ्यापर्यंत दगडाचे होतील. दोघंचौघं ओलांडायला गेले, ते आपापल्या अंगणात तसेच उभे राहिले. त्यांच्या बायका आतून काठीला भाकरी बांधून त्यांना खायला घालत.

आणि दुसऱ्या दिवशी दवंडी मुकी झाली. दवंडीवाला हलगी बडवतोय, घामाघूम झालाय, अन् आवाज म्हणून नाही! शिपाई ओरडले, प्रधान ओरडला. राजवाड्यातलं कुणीही बोललं तरी प्रजेला नुसते ओठ हलताना दिसत.

नेमका तेव्हाच राजवैद्याला काढा सापडला. नखं पुरती निळी व्हायच्या आत प्यायला तर बहुतेक माणसं जागी होत. राणीनं दारोदार काढ्याच्या वाट्या ठेवल्या. कुणी हात लावेना. शिपायानं ठेवलेली वाटी घरातून काठीनं लवंडायची, की झालं.

तेवढ्यात खबर आली की इंदुमुखीचं बाळ पेंगू लागलंय.

राणी पालखीबिलखी न मागवता धावत सुटली. साळी आळीत बहिणीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत इंदुमुखी बाळाला हलवत होती, त्याच्या तोंडावर पाणी मारत होती. राणी ओरडली, "इंदू, त्याला काढा पाज!" इंदूला काहीच ऐकू आलं नाही. राणीनं वाटी उचलून दाखवली, हात जोडले, रडली.

इंदुमुखी म्हणाली, "आक्का, तुझे ओठ हलताहेत. आधी म्हणालीस साथ नाही. मग म्हणालीस आमच्यामुळं आली. आता हे काय आणलंस? माझ्या लेकराला मी तुझ्या हातचं पाजू?"

आणि तिनं तोंड फिरवलं. राणीला ते सगळं ऐकू आलं, शब्द न् शब्द. वाटी हातात घेऊन ती तिथंच मटकन खाली बसली.

समोरच्या सावरीच्या झाडावर एक भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला, "आता बसून काय होणार?"

राणी दचकली. "तुला माझं बोलणं ऐकू येतं?"

"मी तुझ्या राज्यात राहतो, तुझ्या हुकमात नाही."

"माझा आवाज परत कसा येईल?"

"कामं तीन आहेत. राखेच्या रेघा स्वतःच्या हातानं पूस. कोंडलेल्या शंका स्वतः वाहून आण आणि चव्हाट्यावर सोड. आणि त्यांना उत्तरं दे."

"एवढंच?"

"एवढंच," असं म्हणून भारद्वाज अळ्या शोधायला उडून गेला. त्याला इतर कामं होती.

राणीनं वाटी दाराशी ठेवली आणि पदर खोचला. बाळाच्या नखांत निळाई चढत होती, वेळ कुठं होता! बहिणीच्या उंबऱ्यापासून सुरुवात करून ती रेघा पुसत सुटली. पुसता पुसता तिची बोटं दगडाची होऊ लागली, वाकवली की कुरकुरायची. कालकेतू धापा टाकत आला. "महाराणी, लोक रस्त्यावर येतील! राज्य हातचं जाईल!"

"ते आत्ता कुठं हातात आहे?" राणी म्हणाली आणि पुढच्या उंबऱ्याकडे वळली. अंगणातल्या माणसांचे पाय सुटले. कुणी धावलं नाही, कुणी दंगा केला नाही. सगळे दारात उभं राहून राणीकडे बघत राहिले, आणि ते बघणं काही प्रेमाचं नव्हतं.

मग ती तळघरात उतरली. हंडा इतका जड, की पहिलवानालाही घाम फुटावा. दगडी बोटं कडीत अडकवून ती तो फरफटत चव्हाट्यावर घेऊन आली आणि लाख फोडली. दारातले लोक एव्हाना तिच्या मागोमाग तिथं जमले होते. शंका भर्रकन बाहेर पडल्या. ज्यानं विचारली होती त्याच्याच आवाजात एकेक बोलू लागली.

"माझा नवरा जत्रेला गेला होता. त्याला का जाऊ दिलंत?"

"आम्ही साळी घाण, हे कुणी ठरवलं?"

"गेलेल्यांना मूठमाती द्यायलाही का सोडलं नाहीत?"

राणी प्रत्येकीला उत्तर देत होती. पण कसं? तर दरबारात देतात तसं. परिस्थितीच तशी होती, हेतू चांगला होता, सल्लागारांचं म्हणणं असं पडलं, वगैरे वगैरे. ओठ हलत राहिले. आवाज नाही. लोक हळूहळू पाठ फिरवू लागले, आणि तिला भडभडून रडू यायला लागलं. अशानं बाळ जायचं, नुसत्या बोलण्यात जायचं!

शेवटी हंड्याच्या तळाशी राहिलेली एक शंका बाहेर आली. आवाज इंदूचा. "आक्का, जत्रेच्या आधी तुला माहीत होतं का गं?"

राणीजवळ सांगायला कारणं पुष्कळ होती, आणि खरीही होती. तिनं ती सगळी गिळली.

"होतं," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

आणि हे अख्ख्या चव्हाट्याला ऐकू आलं.

कुठंतरी कुणाचा तरी हुंदका फुटला. एक म्हातारा पुढं आला आणि राणीच्या तोंडावर म्हणाला, "माझा लेक गेला त्यात." राणीनं मान खाली घातली. "माझ्यामुळं गेला, बाबा," ती म्हणाली. मग ती बोलतच राहिली. साळ्यांवर घातलेला आळ खोटा होता, हे सांगितलं. मूठमाती रोखली ती भीतीपोटी, हे सांगितलं. साथ श्वासातून पसरते, हेही सांगितलं. "दारं आता उघडी आहेत, कुणाचे पाय दगडाचे होणार नाहीत. पण मी हात जोडून मागते, काही दिवस घरात राहा. ज्याला विचारायचं असेल त्यानं विचारा." तिची बोटं मऊ झाली, हे तिच्या लक्षातही आलं नाही. कालकेतू मध्ये पडून काही बोलायला गेला, तर त्याचे नुसते ओठ हलले. तो तसाच खिंडीकडे निघून गेला, आणि त्याला कुणी थांबवलं नाही.

राणी बहिणीच्या दाराशी परत आली. बाळाची नखं टोकापर्यंत निळी होत आली होती.

इंदुमुखीनं विचारलं, "यानं माझं लेकरू जगेल?"

हो म्हणावं, असं राणीच्या अगदी जिभेवर आलं. आईला दुसरं काय ऐकायचं असतं?

"माहीत नाही, इंदू," ती म्हणाली. "बहुतेक उठतात. सगळे उठत नाहीत. फार उशीर झालाय."

इंदुमुखीनं तिच्याकडे पाहिलं. मग हात पुढं केला. "आण ती वाटी. बाकीचं मग बोलू."

राणी बाहेरच थांबली. आत बोलावलं नव्हतं, आणि आता हुकमानं आत शिरायचं तिचं धाडस नव्हतं. आळीत घराघरांतून काढ्याचा कडवट वास येऊ लागला. दारं सताड उघडी, आणि तरी रस्त्यावर चिटपाखरू नाही. लोक आपणहून घरात बसले होते. दुपार कलली, ऊन भिंतीवरून उतरलं. राणीनं पाणीही मागितलं नाही.

आणि मग आतून रडं फुटलं. चांगलं खणखणीत, भुकेजलेलं, हात पाय झाडत रडणं. राणी भिंतीला टेकून हमसाहमशी रडू लागली.

इंदुमुखी दारात आली. तिचेही डोळे सुजले होते. राग गेला नव्हता, तो चेहऱ्यावर दिसत होता.

"आक्का," ती म्हणाली, "उपाशी दिसतेस. आत ये."

त्या राज्याचं पुढं बरं झालं. साथ ओसरली, पूल झाला, म्हशीवरचा कर मात्र राहिला. ज्यांनी ज्यांनी ऐकलं, त्यांच्या घरी खरं बोलणाऱ्याला पाट मिळो.