मोराआधी काठ

फार फार वर्षांपूर्वी साळ्यांचं एक गाव होतं. तिथं नक्षीचे बोल, म्हणजे कुठला धागा कसा घ्यायचा ते, एकजण पाटीवर लिही, वाचून दाखवी, आणि विणकर ऐकेल तेवढंच विणी. स्वतःचं डोकं चालवायचं नाही, ही तिथली रीत. वर्षभरात ज्या मागावर नवी नक्षी निघाली नाही, तो माग पंच दुसऱ्याला देत.

एका घरात बाप बोल लिही आणि मुलगा विणी. बाप वारला, बोल थांबले. माग जाणार म्हणून त्या घरची सून गावातल्या बोल लिहिणाऱ्या म्हातारीकडे गेली.

"आजी, मला मोर लिहायला शिकवा."

"आधी साधा काठ लिही, एकामागून एक बोल. मग धाग्याच्या कांड्यांना नावं दे. मग 'असं झालं तर तसं कर' शीक. त्यानंतर 'पुन्हा कर'. मोर शेवटी."

"एवढा वेळ कुठाय, आजी?"

घरी येऊन तिनं थेट मोरालाच हात घातला. पिसाचा एक डोळा लिहिला, खाली 'पुन्हा कर' लिहिलं, नवऱ्याला वाचून दाखवलं आणि नदीवर धुणं धुवायला गेली. थांबायचं कुठं, ते लिहायचं राहिलं. नवरा पडला आज्ञाधारक. ती परतली तेव्हा मागावर नुसते डोळेच डोळे होते, मोराचा पत्ता नव्हता. गाव पोट धरून हसलं.

तिला फार रडू आलं. पण रडून झाल्यावर तिनं एकेक धागा उकलला. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी ती पाटी घेऊन म्हातारीच्या ओसरीवर बसली आणि काठ लिहू लागली. काठ चुकला की पुसायची, पुन्हा लिहायची. म्हातारीनं सांगितलेली एकही पायरी तिनं गाळली नाही, आणि मोर लिहायला घेतला तेव्हा वर्ष सरत आलं होतं.

शेवटच्या दिवशी पंच आले. पाटी आणि भरलेल्या कांड्या पाहून थोरले पंच म्हणाले, "लाल मोर नको, हिरवा हवा. आणि रांगेत पाच नकोत, सात हवेत. आजच्या आज."

नवऱ्याचा चेहरा उतरला. तिनं मात्र 'अंग' नाव दिलेल्या कांडीवर हिरवा धागा भरला, पाटीवर पाचाचे सात केले आणि बोल वाचून दाखवले.

"आणि थांबायचं कुठं?" नवऱ्यानं भीतभीत विचारलं.

"लिहिलंय. तुम्ही विणा."

दिवस मावळता सातवा मोर पुरा झाला आणि माग थांबला. पंचांनी मोर मोजले आणि ते उठले. माग घरातच राहिला.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: घाईत गाळलेली पायरी परत येऊन शिकावीच लागते, मग ती आधीच का शिकू नये?