राणीची झोप आणि प्रधानाचा पेला

फार फार वर्षांमागे, डोंगराच्या कुशीतल्या एका राज्यात एक राणी होती. तिच्याकडे सगळं होतं, झोप तेवढी नव्हती. राजा गेला, कारभार तिच्या अंगावर पडला आणि तेव्हापासून रात्रभर डोळ्याला डोळा लागेना.

प्रधानाने उपाय काढला. रोज रात्री तो चांदीच्या पेल्यात काळसर काढा घेऊन यायचा. काढा पोटात गेला की राणीच्या पापण्या जड व्हायच्या. मग प्रधान दोन-चार कागद पुढे करायचा. "किरकोळ आहेत राणीसाहेब, तेवढा शिक्का उमटवा." राणी शिक्का उमटवायची आणि आडवी व्हायची. सकाळी डोकं दगडासारखं जड, आणि रात्रीचं काही म्हणजे काही आठवायचं नाही.

असं वर्ष गेलं. एक दिवस ठकूबाई नावाची धनगरीण भर दरबारात शिरली. पहारेकऱ्यांनी अडवलं, तर तिने काठी आपटली.

"राणीसाहेब, आमचं कुरण का काढून घेतलंत? माझी निम्मी मेंढरं उपाशी मेली!"

"मी? मी कधी काढून घेतलं?"

ठकूबाईने कागद पुढे केला. कुरण प्रधानाच्या घोड्यांना दिलं होतं आणि खाली राणीचाच शिक्का होता.

प्रधान शांतपणे म्हणाला, "आपणच दिलंत, राणीसाहेब. आपल्याला हल्ली आठवत नाही, त्याला कोण काय करणार?" दरबारात कुजबुज झाली. राणीला ते खोटं आहे असं म्हणता येईना, कारण तिला खरंच आठवत नव्हतं.

दरबार उठल्यावर तिने ठकूबाईला थांबवलं. "तुला झोप लागते?"

"पाठ टेकायचा अवकाश."

"ती कशी?"

"दिवसभर उन्हात चालते, अंग दमतं, झोप आपसूक येते. तुम्ही पडद्याआड बसता, दुपारी लवंडता, आणि रात्री एवढाले दिवे लावून राज्याचा घोर उशाशी घेता. झोपेनं यावं तरी कुठून?"

एवढं तोंडावर राणीला कोणी बोललं नव्हतं. ती रागावली नाही.

त्या रात्री प्रधान पेला घेऊन आला. राणी म्हणाली, "आजपासून नको."

"काढ्याशिवाय वेड लागेल आपल्याला!"

"लागू दे. ते वेड निदान माझं असेल." आणि तिने पेला खिडकीबाहेर रिकामा केला.

पुढच्या रात्री फार वाईट गेल्या. राणी पहाटेपर्यंत येरझाऱ्या घालायची, अंगाला घाम फुटायचा. प्रधान रोज पेला घेऊन दाराशी हजर. चौथ्या रात्री तर तिचा हात पेल्यापर्यंत गेला. पेल्याचा गारवा बोटांना लागला आणि तिला कागदावरचा तो शिक्का आठवला. तिने हात मागे घेतला आणि दार लावून घेतलं.

महालाचे पडदे तिने स्वतः ओढून काढले. उजाडताच ठकूबाईबरोबर डोंगर चढायला लागली. दुपारचं लवंडणं बंद केलं. दिवेलागणीआधी भाकरी आणि पातळ आमटी, मग दासी तळपायांना कोमट तेल चोळायची. शेजघरात एकच समई, तीही लवकर शांत करायची. कागद उंबरठ्याच्या आत आणायचा नाही, असा हुकूम सोडला. झोप आली नाही तर कूस बदलत न बसता ती उठायची आणि अंधुक उजेडात चातीवर लोकर कातायची, डोळे मिटू लागेपर्यंत.

बाराव्या रात्री, दासीचा हात तळपायावर फिरत असतानाच, राणी गाढ झोपली.

नेमका तेव्हाच प्रधान आला. एका हातात पेला, दुसऱ्या हातात कागद. दासी दाराबाहेर येऊन उभी राहिली.

"राणीसाहेब झोपल्यात."

"मग उठव! कामाचा कागद आहे."

"बारा दिवस झगडून मिळवलीय ही झोप. सकाळी या."

"मी कोण आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. सकाळी या."

सकाळी दासीकडून सगळं ऐकून राणी दरबारात आली तेव्हा तिचे डोळे स्वच्छ होते. "प्रधानजी, रात्रीचा तो कागद मोठ्याने वाचा."

प्रधानाने हातातला कागद पाठीमागे दडवला. राणीनेच कागद घेतला आणि वाचला. 'माझी प्रकृती बरी नसल्याने सारं राज्य मी प्रधानांच्या हाती सोपवत आहे.' खाली शिक्क्यापुरती जागा मोकळी होती.

आता दरबारात कोणी कुजबुजलं नाही. प्रधानाच्या अंगावरची प्रधानकीची वस्त्रं उतरवली गेली आणि त्याला राज्याबाहेर काढलं. वर्षभरातले सगळे हुकूम दिवसाउजेडी पुन्हा वाचले गेले. कुरण मेंढरांना परत मिळालं. मेलेली मेंढरं काही परत आली नाहीत, म्हणून राणीने ठकूबाईची भर दरबारात उभं राहून माफी मागितली.

त्यानंतर सूर्य मावळल्यावर कोणी कितीही मोठा माणूस कागद घेऊन आला, तरी दाराशी त्याला एकच उत्तर मिळे: "राणीसाहेब झोपल्यात."

तात्पर्य: आपली झोप दुसऱ्याच्या हाती दिली, की आपलं जागेपणही त्याच्याच हाती जातं. म्हणून झोप स्वतःच्या दिवसातून कमवावी, आणि कमवलेली झोप कोणासाठीही मोडू नये.