रानाला मानपान

डोंगरपायथ्याच्या एका गावात त्रिंबकशेठ नावाचा धान्याचा व्यापारी राहत होता. बायको वारल्यापासून त्याची लेक चंपा बोलेना, धड जेवेना. वैद्य झाले, अंगारे झाले. गुण आला नाही.

एकदा शेठ तिला गावाबाहेरच्या राखीव रानात घेऊन गेला. सांजेला पाणवठ्यावर चितळांचा कळप उतरला. एका पाडसाने पाण्यात आपलेच तोंड पाहिले आणि दचकून मागे उडी मारली. चंपा खुदकन हसली. घरी येऊन पोटभर जेवली, बोलू लागली.

शेठचा ऊर भरून आला. नुसते हात जोडून गप्प बसणारा माणूस तो नव्हे. त्याने पाणवठ्याच्या काठी दगडी ओटा बांधला आणि कार्तिकात सगळ्या गावाला तिथे आवळीभोजनाला बोलावले. आवळीच्या बुंध्याशी चुली पेटल्या. ढोल वाजले. खरकटी भांडी पाणवठ्यातच विसळली. जो तो शेठला वाखाणत होता.

सांज झाली. चंपा झाडीकडे डोळे लावून बसली. एकही चितळ आले नाही. पाण्यावर तुपाचा तवंग होता.

"शेठ, घरच्यांनाच आवतण द्यायचं राहिलं वाटतं," पाटील मिशीत हसत म्हणाले.

शेठला हसू आले नाही. चंपाचे ताट भरलेले तसेच होते. आपण आभार मानायला आलो आणि ज्याचे आभार मानायचे त्याचेच घर उधळले, हे त्याला कळून चुकले.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः कुदळ धरून ओटा उखडला. शेठला वेड लागले, असे लोक म्हणाले. त्याने दगड, राख, पत्रावळी सगळे गाडीत भरून परत आणले. चंपा पुन्हा मुकी झाली होती. जीव तुटत होता, तरी त्याने पुढचा पावसाळा सरेपर्यंत रानात पाऊल टाकले नाही.

पावसाने पाणवठा धुऊन निघाला. मग बापलेक पायवाटेने गेली. फडक्यात भाकरी, एवढेच. लांब झाडाआड चूप बसली.

कळप उतरला.

"बाबा, आले," चंपा कुजबुजली, आणि तिने भाकरीचा तुकडा मोडला. शेठने डोळे पुसले.

परतताना वेशीवर पाटील भेटले. "यंदा रानाला काय वाहिलंत?"

"काही नाही. होतं तसं ठेवून आलो."

तात्पर्य: ज्या रानाने सुख दिले, त्याला मानपान नको असतो. तिथे पाहुण्यासारखे जावे, गुपचूप बसावे आणि आपली खूण मागे न ठेवता परतावे. हेच त्याचे आभार.