काळी आणि पांढरी

खर्रर्र! घाटातल्या एका गॅरेजमधून गिअर टाकल्याचा हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकायचो. तिथे गॅरेजमालक हैबतरावांच्या दोन जुन्या, ऐटबाज डिझेल गाड्या होत्या. काळीचे गिअर हाताने टाकावे लागत, पांढरीचे आपोआप पडत.

“काय गं ही खरखर! गाडी की गिरणी?” पांढरी चिडवायची.

“असू दे गिरणी,” काळी म्हणायची.

एका हिवाळ्यात दोघींच्या बॅटऱ्या उतरल्या. हैबतरावांनी कंटाळून भंगारवाल्याला बोलावलं. पांढरी रडकुंडीला आली. “ताई, तू ढकलून तरी चालू होतेस. मला ढकलून उपयोग नाही. तू वाच.”

“गप बस. तुला सोडून जाते होय?”

शेवटचा प्रयत्न म्हणून गॅरेजमधल्या माणसांनी काळीला उतारावर ढकललं. वेग येताच हैबतरावांनी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. ती ठसकली, थांबली. पुन्हा ढकलल्यावर धूर ओकत धडधडली. परत येताना ती पांढरीच्या नाकासमोर थांबली आणि काही केल्या पुढे सरकेना. हैबतराव हसले. त्यांनी तारा आणून दोघींच्या बॅटऱ्या जोडल्या. काळी नेटाने घुमत राहिली. शेवटी पांढरीही खोकून चालू झाली.

भंगारवाल्याने गाड्या ओढून न्यायला आणलेला दोर गुंडाळला आणि तो निघून गेला.